हलकं गाठोडं

बैठक आपल्या पलंगाभोवतीच होईल, हे माईने आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं. ताईचं म्हणणं होतं की वर दिवाणखान्यात बसू, आईला कशाला उगीच त्रास. त्यावर माई म्हणाली, "भांडण माझ्या पाठीवरून आहे ना? मग ते माझ्या पाठीमागे नको."

त्यामुळे लाँड्रीच्या मागच्या खोलीत खुर्च्या आणून मांडायचं काम थोरलीकडे आलं. थोरली म्हणजे या घरची थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातली निम्मी कामं तिच्याकडे सांगून येत आणि उरलेली निम्मी न सांगता. या खोलीत पूर्वी तयार कपड्यांचे गठ्ठे राहत. आता माई राहत होती, कारण इथे यायला जिना चढावा लागत नव्हता. भिंतीपलीकडे बॉयलर, त्याला लागून चादरी इस्त्री करणारा मोठा रोलर, आणि दिवसभर त्याची घरघर. माईला ती घरघर हवी असायची. वर फार शांत असतं, मेल्यासारखं वाटतं, असं ती म्हणे, आणि हे ऐकून ताई दर वेळी "काहीतरीच काय बोलतेस" म्हणत असे.

खुब्याचं हाड मोडल्यावर माई शुश्रूषागृहात गेली होती ती पुन्हा चालायला शिकून परत यायला. परत आली ती इस्पितळातून, पाठीच्या खालच्या अंगाला तळहाताएवढी जखम घेऊन. तिला वेळच्या वेळी कुशीवर वळवायला हवं होतं, ते कुणी वळवलं नाही. ओली चादर बदलायला हवी होती, ती बदलली नाही. कातडी सोलवटली, जखमेत जंतू शिरले आणि तिथून रक्तात गेले. हे टाळता आलं असतं, असं इस्पितळातल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, आणि त्या एका वाक्याने सगळ्या घराची झोप उडाली. माई वाचली हे खरं, पण ती आता चालणार नव्हती हेही तितकंच खरं होतं.

आणि आता शुश्रूषागृहाने समझोता पुढे केला होता. उपचारांचा सगळा खर्च ते देणार, वर भरपाई म्हणून बरी रक्कम. बदल्यात घरातल्या कुणीही कुठे तक्रार करायची नाही आणि कुणापाशी ब्र काढायचा नाही. उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं होतं. त्या शुश्रूषागृहाच्या चादरीही याच लाँड्रीत धुतल्या जायच्या, आणि ते काम तुमच्याकडेच राहील, असं व्यवस्थापकाने दादाला फोनवर दोनदा सांगितलं होतं.

खुर्च्या मांडताना थोरलीच्या मनात घोळत होतं ते या चादरींचंच.

शुश्रूषागृहाच्या कपड्यांना हिरव्या दोऱ्याची खूण. मळके कपडे निवडायचं काम तिचं, त्यामुळे हिरव्या दोऱ्याची गाठोडी हलकी होत चालली आहेत हे पहिल्यांदा तिच्याच हाताला कळलं होतं. तिने ते नवऱ्याला सांगितलं. दादा या घरातला थोरला, लाँड्रीचा मालक, आणि आवाज असा की रोलर चालू असताना त्यालाच फक्त ओरडावं लागत नसे. तो भडकला. नाक्यावरच्या दुसऱ्या लाँड्रीवाल्याने आपलं गिऱ्हाईक पळवलं, अशी त्याची खात्री झाली. इस्त्रीचा शर्ट घालून तो व्यवस्थापकाला भेटायला गेला, कॉफी प्यायला, दर उतरवून आला. येता येता माईच्या खोलीत डोकावला. ती डोळे मिटून पडलेली दिसली म्हणून पाय न वाजवता माघारी फिरला, आणि आईची झोप मोडली नाही याचं घरी येऊन कौतुकही सांगितलं.

चादरी दुसरीकडे कुठेच जात नव्हत्या. त्या बदलल्याच जात नव्हत्या. हे दोघांना कळलं ते डॉक्टर बोलल्यावर. त्या दिवशी घरी येऊन दादा मळक्या कपड्यांच्या ढकलगाडीच्या काठावर बसला आणि म्हणाला, "अगं, चादरी..." पुढे त्याला बोलवेना. तेव्हापासून नवराबायकोत हा विषय निघाला नव्हता. थोरलीला इतक्या वर्षांत नवऱ्याचा राग पुष्कळदा आला होता, पण त्याची लाज वाटण्याची वेळ कधी आली नव्हती. ती आज येऊ नये, एवढंच तिला मनापासून हवं होतं.

सगळ्यांत आधी आला धाकटा. बॉयलरच्या खर्चावरून दादाशी झालेल्या भांडणानंतर तो लाँड्रीच्या या बाजूला फिरकला नव्हता. तो विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतो, असं दादा त्याच्याबद्दल म्हणायचा. दारातच त्याने भिंतीवर हात टेकून पाहिला. "अजून तापते भिंत," तो म्हणाला.

"बॉयलर आहे तो, फ्रिज नाही," दादा म्हणाला. दोघा भावांचं बऱ्याच काळातलं हे सगळ्यांत लांब संभाषण होतं.

मग ताई आली. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, आणि खोलीत आली की बसलेली माणसं सरळ बसत. शुश्रूषागृह तिनेच शोधलं होतं. तिथल्या स्वागतकक्षातली ताजी फुलं आणि चकचकीत फरशी पाहून तिने पसंती दिली होती, आणि आता ती फुलं आठवली की ती दातओठ खायची. तिला पोलिसांत जायचं होतं. धाकट्याला समझोता हवा होता. दादा काय म्हणणार हे कुणी विचारलंच नव्हतं, कारण दादा रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाशीसुद्धा भांडायला कमी करणारा नव्हता.

"मला वाटतं, घेऊन टाकावा समझोता," दादा म्हणाला.

ताईने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. "तू? तू म्हणतोयस हे?"

"आईला शांतता हवी. कोर्टकचेरीत तिचे हाल कशाला?"

"बरोबर बोलतोय दादा," धाकटा म्हणाला, आणि आपण दादाच्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन स्वतःच जरा दचकला. "मी रोज असले दावे बघतो, ताई. वर्षानुवर्षं चालतात. समोरचे दमवतात. माणूस हरत नाही, कंटाळतो."

"म्हणजे त्यांनी आईला कुजवली, आणि आपण कंटाळा येईल म्हणून गप्प बसायचं?"

"माझी शुद्ध हरपलेली नाही," माई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मला ऐकू येतंय."

तेवढ्यात वकीलबाई आल्या. बुटक्या, केस पांढरे, खांद्याला जड पिशवी आणि नाकावर मास्क. "सर्दी आहे मला," त्यांनी दारातूनच सांगितलं. "जखम असलेल्या माणसाजवळ अशी यायला नको होतं, पण मुदत आजची आहे. मी लांब बसते. हात कुठे धुऊ?" थोरलीने नळ दाखवला. बाईंनी बाह्या वर सारल्या आणि बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, सावकाश हात धुतले. पाण्याचा आवाज माई कान देऊन ऐकत होती. नळ बंद झाल्यावर ती म्हणाली, "तिकडे इतके हात कुणी धुतले असते तर तुम्हाला इथे यावंच लागलं नसतं." बाई हसल्या, आणि थोरलीला त्या तिथल्या तिथे आवडून गेल्या.

खुर्ची घेताना बाईंनी एक गोष्ट केली. थोरलीने त्यांची खुर्ची तिघा भावंडांच्या समोर मांडली होती. त्यांनी ती उचलली, पलंगाला वळसा घालून खिडकीपाशी नेली, आणि माईचं तोंड दिसेल अशी ठेवली.

"मॅडम, आम्ही इकडे आहोत," ताई म्हणाली.

"दिसताय ना. पण इजा यांना झालीय. दावा यांचा, तक्रार यांची, समझोता झाला तर सहीसुद्धा यांचीच. शुद्धीत आहेत, बोलतायत, टोमणेही मारतायत. मग मी दुसऱ्या कुणाला कशाला समजावू?"

तिघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मुद्दा साधा होता, पण इतक्या दिवसांच्या फोनाफोनीत तो एकालाही सुचला नव्हता. थोरलीने ओठ आवळून हसू आवरलं.

बाई माईशी बोलू लागल्या, आणि बोलणं असं, जसा नळदुरुस्तीवाला घरात कुठून कुठे पाइप गेलाय ते सांगतो. "मार्ग चार आहेत, माई. परवाना देणारं सरकारी खातं असतं, तिथे तक्रार करता येते. पैसे मिळत नाहीत, पण तपासायला माणसं जातात, आणि ती तुमच्याच नाही, सगळ्यांच्या खाटा बघतात. दुसरं, नुकसानभरपाईचा दावा. त्याला वेळ लागतो. त्यांनी काळजी घ्यायला हवी होती, घेतली नाही, आणि त्यामुळेच हे झालं, अशा तीनही गोष्टी आपल्याला दाखवाव्या लागतात. तिसरं, पोलिस. निष्काळजीपणाचा गुन्हा. तिथे पुरावा फार पक्का लागतो, आणि अमुक एका माणसाचा दोष दाखवावा लागतो. बहुतेक वेळा त्यात रात्रपाळीची एखादी गरीब मुलगी सापडते आणि मालक सुटतो."

ताई काही बोलणार होती, ती थांबली. ही मुलगी तिच्या डोक्यात आली नव्हती.

"आणि चौथं म्हणजे त्यांनी पाठवलंय ते. समझोता वाईट नसतो. मी कितीतरी केलेत. लवकर सुटका होते, आणि पुढची शुश्रूषा महाग असते, हे मी विसरत नाही. पण यातली गप्प बसण्याची अट मला आवडलेली नाही. आणि दावा लावायला कायद्याने मुदत आहे, ती यांच्या आजच्या मुदतीपेक्षा पुष्कळ लांब आहे. आज संध्याकाळ ही त्यांची घाई, तुमची नाही."

"पहिला मार्ग धरला तर दुसरा बंद होतो का?" माईने विचारलं.

"नाही. दोन्ही बरोबर चालतात. चौथ्यावर असली सही केलीत तर मात्र बाकीचे तिन्ही बंद. म्हणून आधी तिथल्या आणि इस्पितळातल्या सगळ्या नोंदींच्या नकला लेखी मागू. एकदा मागितल्या की त्यात खाडाखोड करायला हात कचरतो. जखमेचे फोटो आहेत?"

"आहेत. मी काढलेत," थोरली म्हणाली. "इस्पितळात पहिल्या दिवसापासून."

"वा," बाई म्हणाल्या. तेवढ्याने थोरलीला बरं वाटलं.

पलंगाजवळचं गजराचं घड्याळ वाजलं. थोरली उठली. "कूस बदलायची वेळ झाली."

यात भांडणाला मुभा नव्हती. माईच्या अंगाखाली एक आडवी, मऊ चादर असायची. ती दोन्हीकडून धरून, माईला जराही न घासता, सगळ्यांनी एकदम उचलायचं आणि वळवायचं. एरवी हे थोरली आणि दादा दोघंच करायचे, तेव्हा दादाच्या कपाळाला घाम यायचा. आज चौघं होते. चादर धरणं या घरातल्या पोरांना चालण्याआधी येत असे; कुणी कुठला कोपरा घ्यायचा हेही सांगावं लागलं नाही. ताईने पर्स खाली ठेवली. धाकट्याने घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं. दादाने "हं" म्हटलं, आणि चारही कोपरे एकाच उंचीला उचलले गेले. माई चादरीच्या झोळीत क्षणभर तरंगली आणि अलगद दुसऱ्या कुशीवर आली. वकीलबाई खिडकीपासून बघत होत्या. "इतकंच करायचं होतं त्यांना," त्या हळूच म्हणाल्या.

आता माईचं तोंड दादाकडे होतं.

खुर्ची सरकवून पुन्हा माईसमोर येत बाई म्हणाल्या, "आता एक महत्त्वाचं. चादरी वेळेवर बदलत होतो, वळवत होतो, असंच ते म्हणणार. तिथे काम करणारी माणसं पोटासाठी तेच सांगतील. तिथल्या नोकरीत नसलेल्या कुणाला काही दिसलं होतं का? भेटायला येणारे सोडून."

भिंतीपलीकडे रोलर फिरत होता. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे पाहत होता. तिला कळलं की आता तो बोलला नाही तर आपल्याला बोलावं लागेल, आणि मग उरलेलं आयुष्य या माणसाला चहा देताना ते आठवेल.

"चादरी..." ती म्हणाली.

"थांब," दादा म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"तू नको सांगू. मी सांगतो." त्याचा आवाज इतका खाली आला होता की धाकटा पुढे वाकला. "तिथल्या चादरी आम्ही धुतो. थंडीपासून त्या कमी यायला लागल्या होत्या. हिने मला तेव्हाच सांगितलं होतं. मला वाटलं, आपलं काम दुसरीकडे चाललंय. मी तिथे गेलो आणि... धंद्याचं बोलून आलो. चादरी कमी का येतात हे विचारलं नाही. कुणाला देता, एवढंच विचारलं." तो थांबला. "आई आत त्याच चादरीवर पडली होती."

"तू कॉफी पिऊन आलास," ताई म्हणाली. "तेव्हाच ना? मला फोन करून सांगितलं होतंस, छान जागा आहे म्हणून." तिचा आवाज चढत गेला. "आणि आज म्हणे समझोता! आईला शांतता हवी! स्वतःचं झाकायला?"

"हो," दादा म्हणाला. "त्यासाठीच."

आता ताई त्याला सोडणार नाही, हे थोरलीला माहीत होतं. पण मध्ये पडला तो धाकटा. "ताई, तू दर रविवारी जायचीस. पांघरूण उचलून पाहिलंस कधी? मी तर एकदाच गेलो, तेही गाडी चुकीच्या जागी लावली होती म्हणून घाईत. दादाला निदान चादरी कमी झालेल्या दिसल्या तरी. आपल्याला काय दिसलं?"

ताई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि तिने ते पुसलं नाही. मुख्याध्यापिकेला रडताना या घराने कधी पाहिलं नव्हतं.

"झालं सगळ्यांचं?" माईने विचारलं. "मग आता मी बोलू?"

या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. माई एकटी हाताने कपडे धुवायची त्या काळातली. तिचं एक गिऱ्हाईक म्हणजे एकटा राहणारा म्हातारा घड्याळजी. एकदा त्याचं गाठोडं आलं नाही. माई त्याच्या घरी गेली, दार ठोठावलं, शेवटी शेजाऱ्यांकडून मोडायला लावलं. घड्याळजी न्हाणीघरात पडलेला सापडला. वाचला, आणि पुढे कितीतरी वर्षं आपले कपडे तिच्याकडेच देत राहिला. तेव्हापासून माईने नियमच केला होता: गाठोडं आलं नाही किंवा हलकं आलं, तर आधी जाऊन माणूस बघायचा. तिन्ही मुलं लहानपणी या कामावर धावलेली होती.

"मी तिथे कुणाला काही बोलले नाही," माई म्हणाली. "पहिल्यांदा बोलले होते. त्या दिवशी घंटा वाजवली तर कुणी आलंच नाही, जास्तच वेळ ओल्यात ठेवलं. म्हणून गप्प राहिले. ताई यायची तेव्हा तिथली एक बाई ऐकत दारात उभी असायची. पण मला धीर होता. मी म्हणायचे, चादरी कुणाकडे जातात? माझ्या घरी. गाठोडं हलकं झालं की पोरं येतील. मी रोज वाट बघायचे."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे रुंद खांदे हलत होते. थोरली उठून त्याच्यापाशी जाणार होती, पण माईने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तो त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"विसरलो मी, माई."

"विसरलास. गिऱ्हाइकं वाढली, गाड्या आल्या, त्यात ते राहून गेलं. ती वाढ बघून मीच गावभर मिरवले ना? मग आता सगळं खापर तुझ्या डोक्यावर कसं फोडू?" ती जरा थांबून दम खात होती. "पण हे तू कोर्टात सांगायचं. असंच्या असं. कॉफीसकट."

वकीलबाईंनी रुमाल मास्कच्या आत घालून नाक पुसलं. सर्दीच असावी. मग त्या दादाला म्हणाल्या, "यांचं ऐकण्याआधी माझं ऐका. तुमची साक्ष मोलाची आहे. मुलगा असलात तरी स्वतःच्या तोट्याचं बोलताय, त्यामुळे त्यावर विश्वास बसतो. पण त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढेल. एवढं कळत होतं तर आईला का आणलं नाही, विचारेल. उलट, तुमच्याच धुण्यातून जंतू आले असं म्हणेल. आणि हे काम जाईल. कदाचित बाकीची गिऱ्हाइकंही बिचकतील."

"काम गेलंच म्हणून समजा," दादा म्हणाला. "आणि कळत होतं तर का नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. नाही म्हणूनच सांगेन. पण धुण्याचं म्हणाल, तर आमच्याकडे पाणी उकळतं. कुणीही येऊन हात घालून बघावा."

"मी सांगेन तेही," धाकटा म्हणाला. "मॅडम, या बॉयलरवरून मी याच्याशी बोलणं टाकलं होतं. फार महाग आहे, म्हणत होतो. पण बॉयलर चांगला आहे. तेव्हा कबूल केलं नाही, आता शपथेवर करतो."

ताई रडता रडता हसली, आणि दादाने नाक ओढत धाकट्याच्या पाठीत धपका घातला. तो इतक्या जोरात बसला की धाकटा खोकायला लागला. थोरली आपल्या नवऱ्याकडे पाहत होती. डोळे सुजलेले, शर्टाची बाही ओली. या माणसाचा तिला इतका अभिमान यापूर्वी कधी वाटला नव्हता, आणि ते तिने रात्री त्याला सांगायचं ठरवलं.

"आता माझं काय ते लिहून घ्या," माई वकीलबाईंना म्हणाली. "आधी परवान्याच्या खात्यात तक्रार. उद्याच. मग भरपाईचा दावा. ते पुढे तडजोडीला आले तर येऊ देत, पण तोंड बंद ठेवायची अट असेल तर नको. पोलिसांचं तूर्त राहू दे. ताई, ऐकतेस ना? त्या रात्रपाळीच्या पोरीला एकटीला एवढ्या खाटा दिल्या होत्या. ती तरी काय करणार?"

ताईने मान हलवली. मनातून तिला पटलेलं नव्हतं, पण आईशी वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

"पैशासाठी घाई नाही का करायची?" धाकट्याने विचारलं, आणि लगेच ओशाळला. "सवय आहे. सॉरी."

"तिकडे माझ्या शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होत्या," माई म्हणाली. "अजून तिथेच आहेत. त्यांना भेटायला कुणी येत नाही. रात्री घंटा वाजवून कुणी आलं नाही की आम्ही दोघी एकमेकींना जुन्या कविता म्हणून दाखवायचो. मी सही केली, तर त्यांच्याबद्दल बोलणारं कुणी उरत नाही. त्यांच्या चादरीही आपणच धुतो ना?"

वकीलबाईंनी व्यवस्थापकाला फोन लावला, समझोता मान्य नसल्याचं दोन वाक्यांत सांगितलं, आणि पुढचं लेखी कळेल म्हणून ठेवून दिला. त्यांच्या आवाजात कुठेही चढ नव्हता. माई इतक्या कौतुकाने ऐकत होती की फोन ठेवल्यावर तिने बाईंना विचारलं, "तुम्ही हे रोज करता?" बाई म्हणाल्या, "रोज. पण पलंगावरून हुकूम देणारं अशील रोज मिळत नाही."

अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. दुपारची फेरी आली होती. बाई पिशवी आवरू लागल्या, ताई त्यांना सोडायला उठली, आणि थोरली सवयीने मागच्या दाराकडे गेली. ड्रायव्हर गाठोडी उतरवत होता: हॉटेलची निळ्या दोऱ्याची, दवाखान्याची पांढऱ्या दोऱ्याची, आणि सगळ्यांत शेवटी हिरव्या दोऱ्याचं एक. ती ते उचलायला वाकली, तोच दादाने मागून येऊन ते घेतलं.

त्याने ते ढकलगाडीत टाकलं नाही. दोन्ही हातांवर घेऊन तसाच उभा राहिला, जसं एखाद्याचं मूल आपल्या हातात दिल्यावर माणूस उभा राहतो. थोरलीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाठोडं किती जड आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

दादाने ते सावकाश खाली ठेवलं, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि खोलीच्या दारात आला.

"माई," तो म्हणाला, "हलकं आलंय. मास्तरीणबाईंना बघून येतो."

"आवाज चढवू नका," वकीलबाई म्हणाल्या. "भेटायच्या वेळेत, भेटायला आलेला माणूस म्हणून जा. आणि जे दिसेल ते लक्षात ठेवा."

"मीही येतो," धाकटा म्हणाला.

माईने उशीवरून मान जराशी उचलली. "पांघरूण उचलून बघा रे," ती म्हणाली. "आणि त्यांना सांगा, मी पाठवलंय."